सागवानी स्टूल आणि कुसवाचा सांधा

जून लागला की घरोघरी दारं चौकटीत अडकतात, टेबलाचे खण हिसका देऊन ओढावे लागतात. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि फुगतं. मात्र सगळ्या बाजूंनी सारखं नाही. रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने, लांबीत, त्यात फरक पडतो तो नावापुरता. फुगतं ते रुंदीत. हा स्वभाव ओळखून केलेलं फर्निचर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. ते कसं करायचं, हे एका साध्या स्टुलावर पाहू.

साग घ्यावा तो गाभ्याचा, सोनेरी-तपकिरी. कडेच्या फिक्या भागाला कीड लवकर लागते. पायासाठी 45 बाय 45 मिलिमीटरचे तुकडे, पाय जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या 70 बाय 22 च्या. पायात रेषा तिरपी गेली असेल, तर भार आल्यावर तो तिथेच मोडतो. असा तुकडा बाजूला ठेवा.

आता रंधा. रेषेच्या दिशेने मारला की पातळ, सलग ढलपी सुटते आणि सागाचा वास खोलीभर पसरतो. या कामातलं हे निखळ सुख. उलट मारलात तर तंतू उपटतात. सागात सिलिका असते, त्यामुळे पात्याची धार लवकर जाते. रंधा जड वाटू लागला की जोर वाढवू नका, पातं पाजळा.

खरं कौशल्य सांध्यात आहे. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे कापून पातळ केलेलं टोक, आणि ते बसायला पायात त्याच मापाचं भोक. कुसवाची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश, इथे 8 मिलिमीटर. भोक पायाच्या बरोबर मध्यावर न घेता बाहेरच्या बाजूने 12 मिलिमीटर सोडून आखा, म्हणजे कुसवाला लांबी मिळते. खोली 32, कुसू 30. त्या 2 मिलिमीटरांत जादा सरस मावतो. एकाच पायात दोन बाजूंनी कुसवं येतात आणि आत एकमेकांना भिडतात, म्हणून त्यांची टोकं 45 अंशांत तिरपी कापायची.

पाय वरून 20 मिलिमीटर जास्त लांब ठेवा. टोकाजवळ भोक पाडताना लाकूड चिरतं, ते या वाढीव भागामुळे वाचतं. सांधा पक्का झाल्यावर तो कापून टाकायचा.

करवत नेहमी रेघेच्या बाहेर, टाकाऊ अंगाला चालवा. कुसू हाताने दाबून बरंचसं आत जावं, शेवटचा थोडा भाग मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. जोरात ठोकावं लागलं तर पाय फुटेल. आपोआप घसरलं तर सांधा ढिला आहे, आणि सरस ढिलाई भरून काढत नाही. साग तेलकट असतो. रंधलेल्या ताज्या पृष्ठभागाला त्याच दिवशी सरस लावावा. सांधे दाबून धरणारा शिकंजा आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर सांगाडा तिरका झालाय. सरस ओला आहे तोवरच तो सरळ करता येतो.

राहिली वरची फळी, आणि बहुतेक स्टुलं इथेच बिघडतात. 350 मिलिमीटर रुंदीच्या फळीत ओलावा 6 टक्क्यांनी वाढला, तर ती साधारण 4 मिलिमीटर रुंद होऊ शकते. चारी बाजूंनी सरस लावून, स्क्रू पिळून ती जखडली तर पावसाळ्यात फुगण्याला आणि उन्हाळ्यात आकसण्याला वाव राहत नाही. मग मधोमध चीर पडते. म्हणून पट्ट्यांच्या आतल्या अंगाला खाच पाडायची, त्यात लाकडी गुटक्याची जीभ सरकवायची आणि गुटका फक्त फळीला स्क्रूने बसवायचा. फळी ज्या दिशेने हलते, त्या बाजूच्या पट्ट्यांपाशी गुटका आणि पट्टी यांच्यात 3 मिलिमीटर फट सोडा.

पॉलिशचे हात वर जेवढे, तेवढेच फळीच्या खालूनही द्या. एक बाजू कोरी राहिली तर ती जास्त ओलावा घेते आणि फळी बाक धरते.