सीमेपलीकडचा एसएमएस: वाट कुणाची, पैसा कुणाचा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. विषयांतरं तशीच ठेवली आहेत, नाहीतर फारसं काही उरलं नसतं.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘एसएमएसनं येणाऱ्या ओटीपीवर विसंबावं का?’ विषय मी दिलेला नाही, पण मला मान्य आहे. उत्तरापर्यंत आपण वेळेत पोचू असं संयोजकांना वाटतंय. ते मला आज पहिल्यांदाच ऐकतायत. (हशा)

एसएमएसवर बोलायला उभं राहिलं की ३ डिसेंबर १९९२ ची आरती म्हणावीच लागते. ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरनं संगणकावर ‘मेरी ख्रिसमस’ टाइप केलं आणि ते व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर उमटलं. झाली आरती. त्या मेसेजला देशाची हद्द ओलांडायची नव्हती. ओलांडायची वेळ आली तेव्हा खरी मजा सुरू झाली, आणि माझं गेली कित्येक वर्षांचं तुणतुणं असं की ती मजा तंत्रज्ञानाची नाहीच, हिशोबाची आहे. जिथे हिशोब ढिला, तिथे चोर शिरला.

आधी मेसेज जातो कसा ते बघू. तुम्ही परदेशातल्या मुलीला मेसेज टाकलात. तो पहिल्यांदा तुमच्या ऑपरेटरच्या एसएमएस सेंटरला जातो. त्या सेंटरचा नंबर तुमच्या सिममध्येच असतो; जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये तो दिसायचा आणि कुणीतरी हौशी भाचा तो बदलून ठेवायचा. (हशा) आता तुमचं सेंटर मुलीच्या नेटवर्कमधल्या एचएलआरला विचारतं, हा नंबर सध्या कुठे आहे? एचएलआर म्हणजे ग्राहकांची मूळ नोंदवही. ती उत्तर देते: तिच्या सिमची ओळख ही, आणि ती सध्या अमुक स्विचच्या, म्हणजे त्या भागातले फोन सांभाळणाऱ्या केंद्राच्या, हद्दीत आहे. मग तुमचंच सेंटर थेट त्या स्विचला मेसेज देतं. मुलीच्या नेटवर्कचं स्वतःचं एसएमएस सेंटर असतं, त्याला याचा पत्ताही नसतो! पाठवणाऱ्या गावचा पोस्टमन परमुलखात जाऊन थेट दार ठोठावतो, अशी ही व्यवस्था. मुलगी त्या दिवशी तिसऱ्याच देशात फिरायला गेली असेल, तर नोंदवही तिसऱ्या देशातल्या स्विचचा पत्ता देते, आणि पोस्टमन तिकडे जातो.

फोन बंद असेल तर नोंदवहीत एक खूण पडते. फोन सुरू झाला की नोंदवही ताटकळलेल्या सेंटरला कळवते, या आता. मानकाप्रमाणे मेसेजची मुदत ६३ आठवड्यांपर्यंत घालता येते. इतकी चिकाटी कुठलाच ऑपरेटर दाखवत नाही, काही दिवसांत तो मेसेज टाकून देतात.

ही सगळी विचारपूस ‘एसएस सेव्हन’ नावाच्या सिग्नलिंगच्या, म्हणजे नेटवर्कांच्या आपसातल्या निरोपांच्या, जाळ्यातून होते. हे जाळं बांधलं तेव्हा त्यावर मोजक्या, बहुतेक सरकारी, टेलिफोन कंपन्या होत्या. सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे विचारणारा कोण आहे हे तपासायची सोयच ठेवली नाही. हे लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

आता पैसा. सुरुवातीला हिशोब फारच सोपा होता, कारण तो नव्हताच. पाठवणाऱ्याकडून त्याच्या ऑपरेटरनं पैसे घ्यायचे आणि खिशात घालायचे. पोचवणाऱ्या नेटवर्कला छदाम नाही. तुमचे शंभर आमच्याकडे आले तर आमचे शंभर तुमच्याकडे जातील, फिट्टंफाट. ब्रिटनमध्ये तर १९९९ पर्यंत एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला मेसेजच करता येत नव्हता, तेव्हा परदेशाची चिंता कोण करतो.

मग हुशार लोकांच्या लक्षात आलं, की कुठल्यातरी लांबच्या देशातलं स्वस्त एसएमएस सेंटर धरलं तर दुसऱ्या देशातल्या लाखो लोकांवर जाहिराती फुकटात ओतता येतात. भार त्या नेटवर्कवर, शिव्याही त्यालाच, पैसे तिसऱ्याला. तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. ऑपरेटरांची संघटना जीएसएमए हिनं कराराचा नमुना केला, एए.१९ म्हणतात त्याला, आणि मेसेजमागे दर ठरू लागले. पण करार प्रत्येकाशी वेगळा! समजा ५०० ऑपरेटर आहेत, तर जोड्या होतात १,२४,७५०. इतक्या सह्या करायला माणसं कुठून आणणार? म्हणून मधे हब आले. एका हबशी करार करा, पुढचं तो बघेल.

मधला माणूस आला की काय होतं, त्याचा नमुना अमेरिकेत दिसला. १४ फेब्रुवारी २०१९ ला ऑपरेटरांच्या मधल्या सिनिव्हर्स या कंपनीचा एक सर्व्हर बंद पडला आणि त्यातले मेसेज अडकले. तो पुन्हा सुरू झाला नोव्हेंबरमध्ये, आणि १,६८,००० हून अधिक मेसेज एका रात्रीत लोकांच्या फोनवर येऊन धडकले. व्हॅलेंटाइन डेचे! मधल्या काळात कुणाचं मोडलं होतं, कुणाचं माणूस गेलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं मेसेज आलेले लोक होते. हसण्यासारखं नाही ते.

असो. दर ठरले म्हणजे भांडण मिटलं असं तुम्हाला वाटेल. मी ज्या कंपनीत होतो तिचं नाव नको, समोरच्यांचंही नको. दोघांचे वकील अजून धट्टेकट्टे आहेत. (हशा) दर महिन्याला दोन्ही बाजू आपापले आकडे काढायच्या आणि ते कधी म्हणजे कधी जुळले नाहीत. तिकडचे गृहस्थ अतिशय सभ्य. प्रत्येक ईमेलची सुरुवात आमच्या घरच्यांच्या तब्येतीपासून आणि शेवट थकबाकीपाशी.

पहिला वाद, महिना संपतो कधी? आमचा आमच्या मध्यरात्री संपायचा, त्यांचा ग्रिनिचच्या. एरवी किरकोळ फरक. पण ३१ डिसेंबरला सगळं जग बाराच्या ठोक्याला शुभेच्छा पाठवतं! ते सगळे मेसेज आमच्या वहीत जानेवारीत आणि त्यांच्या वहीत डिसेंबरात, आणि दर बदललेला १ जानेवारीपासून. दुसरा वाद, फोन बंद होता तर पैसे का द्यायचे? आम्ही म्हणायचो, मेसेज पोचलाच नाही. ते म्हणायचे, आमच्या स्विचपर्यंत आलात, आम्ही फोन शोधला, कष्ट झाले. तिसरा वाद तर अजरामर. लांब मेसेज म्हणजे एक की तीन?

एका मेसेजमध्ये १४० बाइट मावतात. सात बिटांचं एक अक्षर धरलं की १६० अक्षरं. त्या सात बिटांच्या तक्त्यात रोमन आहे, पौंडाची खूण आहे, ग्रीकची काही मोठी अक्षरंसुद्धा आहेत. देवनागरी नाही. आपण मराठीत लिहिलं की फोन गुपचूप सोळा बिटांवर जातो आणि जागा उरते ७०. तीही अक्षरांची नव्हे. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे घ्या. डोळ्याला अक्षरं दिसतात बारा. फोन मोजतो काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातलं हलन्तसुद्धा वेगळं. दोन मोकळ्या जागा धरून होतात २९. पुढे ‘ताई’ आणि एक आशीर्वाद लिहिलात की सत्तरी ओलांडलीच. मग मेसेजचे तुकडे पडतात, आणि तुकडे जोडायची खूण प्रत्येकात जागा खाते, म्हणून दर तुकड्यात ६७ च. पुढे हिंदी, गुजराती, तमिळ वगैरेंसाठी सात बिटांचे तक्ते मानकात आले, पण ते दोन्हीकडच्या फोनला कळले पाहिजेत ना!

तुकडे जोडतो कोण? समोरचा फोन. नेटवर्कच्या लेखी ते सुटे तीन मेसेज. आमच्या वहीत एका मावशीचा एक मेसेज, त्यांच्या बिलात तीन. यावर आमच्या बैठका झाल्या, जेवणं झाली, पुन्हा बैठका झाल्या… (चिठ्ठी येते.) हो, हो. पाच मिनिटं. ओटीपी राहिलाच की! (हशा)

तर भराभर. बँका आणि कंपन्या ओटीपी स्वतः पाठवत नाहीत. त्या अ‍ॅग्रिगेटरला, म्हणजे मेसेज घाऊक पोचवणाऱ्या दलालाला, देतात, तो दुसऱ्याला, तो तिसऱ्याला, जो स्वस्त तो. यातल्या काही वाटा करारबाह्य असतात, त्यांना ग्रे रूट म्हणतात. कुठे खोलीत साध्या सिमची रांग लावून सिम बॉक्समधून मेसेज जातात, म्हणून बँकेच्या नावाऐवजी भलताच दहा आकडी नंबर दिसतो. पोचपावतीही खोटी बनवता येते. मेसेज पाठवायचाच नाही, ‘पोचला’ एवढंच कळवायचं आणि पैसे घ्यायचे. म्हणून तपासणी करणारे वेगवेगळ्या देशांत चाचणीची सिम ठेवून खरंच काय येतंय ते बघतात.

आता ती मघाची नोंदवही. विचारणाऱ्याला ती फोन कोणत्या स्विचकडे आहे ते सांगते. टोबियास एंगेल या जर्मन सुरक्षा-संशोधकानं २००८ मध्ये बर्लिनला दाखवून दिलं, की याच प्रश्नानं माणूस साधारण कुठे आहे तेही कळतं. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी एसएस सेव्हनमधून ग्राहकांचे बँकेचे मेसेज स्वतःकडे वळवून खाती रिकामी केली. नोंदवहीला फक्त सांगायचं, हा फोन आता आमच्याकडे आहे. तिनं विश्वास ठेवला, ओळखीतलेच समजून.

यावर उपाय आहे, होम राउटिंग. नोंदवही खरा पत्ता देतच नाही, स्वतःच्या राउटरचा देते. येणारा प्रत्येक मेसेज आधी तिथे थांबतो, मोजला जातो, चाळला जातो. अनेक ऑपरेटरांनी तो पैसे वसूल करायला बसवला आणि ग्राहकाचं ठिकाण आपोआप झाकलं गेलं, असं माझं निरीक्षण आहे. मेसेज वळवण्याची चोरी मात्र तेवढ्यानं थांबत नाही, तिला वेगळी सिग्नलिंग फायरवॉल, म्हणजे असे खोटे निरोप अडवणारी भिंत, लागते. आणि हिशोबाचा चोर उलट्या दिशेनंही येतो. खोटी खाती उघडून महागड्या देशांतल्या नंबरांवर ओटीपी मागवायचे आणि पोचवण्याच्या पैशांत वाटा घ्यायचा. एलॉन मस्क यांनी यात ट्विटरचे वर्षाला ६ कोटी डॉलर जातात असं म्हटलं, आणि मार्च २०२३ पासून तिथे एसएमएसचा ओटीपी फक्त पैसे भरणाऱ्यांना उरला.

तेव्हा पत्रिकेवरच्या प्रश्नाचं उत्तर: पर्याय असेल तर विसंबू नका, रोमिंगमध्ये असताना तर नाहीच. ऑथेंटिकेटर अ‍ॅप फोनमध्येच आकडा तयार करतं, त्याला कुठल्याही नेटवर्कला विचारावं लागत नाही, त्यामुळे वाटेत कुणी तो वळवू शकत नाही. बँक फक्त एसएमएसच देत असेल, तर व्यवहाराची मर्यादा कमी ठेवा आणि फोनची रेंज अचानक गेली तर आधी बँकेला कळवा. आरसीएस, म्हणजे एसएमएसचा नवा अवतार, त्याबद्दल बोलायचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत विचारा. अध्यक्ष उभे राहिलेत. मागून हात वर आहे, हां, बोला.