ब्रेडवरचे दोन आरोप

(पडद्यावर: लाकडी फळीवर ब्रेडचा लोफ. सुरी फिरते, स्लाइस एकामागून एक आडव्या पडतात.)

ब्रेड खाल्ला की सुस्ती येते. ब्रेड खाल्ला की पोट फुगतं. ही दोन वाक्यं माणसं इतक्या जोडीनं उच्चारतात, की ती एकच तक्रार वाटावी. मग उपायही एकच निघतो: कार्ब्स, म्हणजे कर्बोदकं, बंद. नाहीतर ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, बंद.

शरीराच्या आत पाहिलं तर ही दोन प्रकरणं निराळी आहेत. सुस्तीचा मामला रक्तातला, आणि तो खाल्ल्यानंतरच्या दोन-तीन तासांत उरकतो. फुगण्याचा मामला मोठ्या आतड्यातला, आणि त्याची सुरुवातच मुळी काही तासांनी होते. दोन्हींमागचे घटक वेगळे. त्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. कधीकधी तर तो दुसरं दुखणं वाढवतो.

आधी सुस्तीकडे वळू.

(पडद्यावर: घास चावणारा जबडा, मग रेखाटन: स्टार्चची लांब साखळी.)

ब्रेडच्या एका स्लाइसचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. त्यातली जवळपास निम्मी कर्बोदकं, बहुतांशी स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक साखळी. ती तुटायला तोंडातच सुरुवात होते, कारण लाळेत अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. जठरातलं आम्ल हे काम थांबवतं आणि लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेलं अमायलेज ते पुन्हा हाती घेतं. शेवटी सुटं ग्लुकोज आतड्याच्या अस्तरातून रक्तात उतरतं.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून, उपाशीपोटी, चार-पाच ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं. म्हणजे चहाचा एक चमचा. दोन स्लाइस खाल्ल्या तर त्याच्या सहा-सात पट ग्लुकोज रक्तात येऊ पाहतं. ते आल्या पावली पुढे पाठवावं लागतं. त्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. मग स्नायू आणि यकृत ते ग्लुकोज आत घेतात, काही वापरतात, काही ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात.

हे सगळं किती घाईनं होतं, त्यावर पुढचं ठरतं. टोरांटो विद्यापीठातले डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही घाई मोजायची पद्धत मांडली. तिचं नाव ग्लायसेमिक इंडेक्स. शुद्ध ग्लुकोजला १०० धरायचं आणि बाकीचे पदार्थ त्याच्याशी ताडून पाहायचे. पांढऱ्या ब्रेडचा आकडा साधारण ७५ येतो. आता संपूर्ण गव्हाच्या साध्या ब्रेडचा सांगा. ७४.

होय, फक्त एकाचा फरक. तपकिरी रंगाला भुलून निश्चिंत होणाऱ्यांची इथे पंचाईत होते. कोंडा असतो खरा, पण पीठ तितकंच बारीक दळलेलं असतं, आणि पोकळ, जाळीदार ब्रेडमध्ये विकरांना शिरायला वाटाच वाटा मिळतात. उलट गव्हाचीच स्पॅगेटी घ्या. तिचा आकडा पन्नाशीच्या आसपास राहतो, आणि तीही कोंडा काढलेल्या पिठाचीच. स्पॅगेटीची कणीक दाबून घट्ट केलेली असते, स्टार्च प्रथिनांच्या जाळीत अडकून बसतो, विकरांना एकेक थर पोखरत आत जावं लागतं. तात्पर्य, धान्य एकच असलं तरी त्याची बांधणी निकाल बदलते. अख्ख्या दाण्यांचा घट्ट, जड ब्रेड याच कारणानं हळू पचतो.

(पडद्यावर: दुपारचं ऑफिस. मान पडते, सावरते.)

आता पेंग. ‘गोडधोड खाल्लं की तरतरी येते’ ही समजूत जगभर आहे. २०१९ मध्ये या विषयावरच्या ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कर्बोदकांनी मूड सुधारल्याचं कुठेच दिसलं नाही. दिसलं ते उलटंच. खाल्ल्यावर अर्ध्या तासात थकवा जास्त वाटू लागतो आणि तासाभरात सावधपणा कमी होतो.

दुसरा धागा रक्तातली साखर चढून पुन्हा उतरण्याचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांच्या गटानं १,०७० लोकांच्या अंगावर ग्लुकोज मोजणारे सेन्सर लावले आणि त्यांना ठरावीक नाश्ता दिला. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. खाल्ल्यानंतर दोन ते तीन तासांनी काहींची साखर सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेली. अशा मंडळींना भूक सरासरी ९ टक्के जास्त लागली. पुढचं खाणं त्यांनी अर्धा तास आधी गाठलं, आणि दिवसभरात सुमारे ३१२ कॅलरी जास्त खाल्ल्या. नाश्ता तोच, माणसं निरोगी, तरी कुणाची साखर घसरली, कुणाची नाही. ही घसरण म्हणजे आजार नव्हे. आकडा सामान्य मर्यादेतच असतो, पण ‘काहीतरी खायला हवं’ ही हुरहुर खरी असते.

दुपारच्या झोपेचं सगळं खापर मात्र ब्रेडवर फोडू नका. शरीराच्या चोवीस तासांच्या लयीतच दुपारी एक उतार असतो. जेवण टाळलेल्या माणसालाही तो जाणवतो. भरपूर ब्रेड खाल्ला तर उतार अधिक खोल होतो, इतकंच.

मग करायचं काय? इथे मला क्रमाची गोष्ट सगळ्यात आवडते, कारण तिच्यात काहीच सोडावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये २०१५ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना एकच जेवण दोन प्रकारे दिलं गेलं. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा रस आधी, चिकन आणि भाज्या पंधरा मिनिटांनी. दुसऱ्या वेळी उलट. भाज्या आणि चिकन आधी खाल्लं, तेव्हा तासाभरानंतरची साखर ३७ टक्के कमी भरली. अकराच माणसं, हे खरं. पण ताटातला एकही पदार्थ न बदलता इतका फरक पडत असेल, तर करून पाहायला काय जातं?

बाकीचे उपाय झटपट सांगतो. जेवणानंतर थोडं चालावं, कारण हलणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही ग्लुकोज ओढून घेतात. ब्रेड गोठवून, मग भाजून खाल्ला तर साखर काहीशी कमी चढते. २००८ मध्ये ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठानं ते मोजून दाखवलं. स्टार्च गार झाला की त्याचा काही भाग पुन्हा घट्ट रचला जातो आणि विकरांना सहज दाद देत नाही. शिळा ब्रेड कडक होतो, तोही याच प्रक्रियेनं.

(पडद्यावर: दोन ब्रेड शेजारी-शेजारी. एक मऊ, चौकोनी, पांढरा. दुसरा गोल, जाड कवचाचा.)

आणि कोणता ब्रेड चांगला? इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१७ मध्ये २० जणांना आठवडाभर कारखान्यातला पांढरा ब्रेड दिला आणि आठवडाभर आंबवलेला, हातानं केलेला संपूर्ण गव्हाचा. सरासरी काढली तर दोन्हींत फरक नाही. पण एकेका माणसाचा तक्ता पाहिला तर काहींची साखर पांढऱ्या ब्रेडनं जास्त चढली होती, काहींची चक्क त्या ‘आरोग्यदायी’ ब्रेडनं. आतड्यातले जिवाणू तपासून कुणाचं काय होईल याचा बराचसा अंदाजही संशोधकांना बांधता आला. ‘मला हा ब्रेड मानवतो’ असं कुणी म्हणालं तर ते खरंही असू शकतं. मात्र ते त्याच्यापुरतं.

(पडद्यावर: काळा पडदा. पोटाच्या गुरगुरण्याचा आवाज. मग आतड्याचं रेखाटन.)

आता पोट.

गव्हात स्टार्चखेरीज आणखी एक कर्बोदक असतं, प्रमाणानं थोडंच. त्याचं नाव फ्रुक्टन. कांदा-लसणातही ते असतं, आणि राय या धान्यात गव्हाहून जास्त. फ्रुक्टन तोडणारं विकर माणसाकडे नाही. कुणाकडेच नाही. ते लहान आतडं न पचता पार करतं, वाटेत पाणी ओढून घेतं आणि मोठ्या आतड्यात पोहोचतं. तिथे जिवाणू तयारच असतात. ते फ्रुक्टन आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड हे वायू बाहेर टाकतात. काहींच्या आतड्यात मिथेनही तयार होतो. यातला काही हायड्रोजन रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे श्वासात येतो. डॉक्टर ‘ब्रेथ टेस्ट’ करतात, ती त्यावरच.

या प्रवासाला वेळ लागतो, बहुतेकदा काही तास. म्हणून सँडविचचा शेवटचा घास गिळताच पोटाला तडस लागली, तर तो गॅस बहुधा या सँडविचचा नसतो. जठर ताणलं की मोठं आतडं आकुंचन पावू लागतं, आणि आधीच्या जेवणाचा तिथे साठलेला वायू हलतो. गुन्हा आदल्या खाण्याचा, आणि पकडला जातो समोरचा ब्रेड.

ग्लूटेनवरही असाच आळ आला. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाला २०११ मध्ये असं दिसलं, की सिलिअॅक आजार (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा) नसलेल्या काही जणांनाही ग्लूटेननं त्रास होतो. बातमी जगभर गेली. त्याच गटानं २०१३ मध्ये आणखी काटेकोर प्रयोग केला. ३७ जणांच्या आहारातून आधी फ्रुक्टनसारखी आंबणारी कर्बोदकं कमी केली आणि मग त्यांच्या नकळत ग्लूटेन दिलं. ग्लूटेनचा असा खास त्रास दिसेना. आपलाच निष्कर्ष आपणच उसवणं सोपं नसतं, म्हणून या गटाबद्दल मला आदर आहे. पुढे २०१८ मध्ये ओस्लोच्या संशोधकांनी स्वतःला ग्लूटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या ५९ जणांना तीन प्रकारचे मुस्ली बार खायला दिले: एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टन, एकात दोन्ही नाही. कुठल्या बारमध्ये काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. पोट सर्वांत जास्त फुगवलं फ्रुक्टननं. ग्लूटेन आणि रिकामा बार यांत फरक आढळला नाही.

तरी ग्लूटेन सोडून बरं वाटणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. गहू सोडला की फ्रुक्टनही आपोआप सुटतं. कार्ब्स बंद करणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात पोट सपाट झाल्यासारखं वाटतं, वजनही भराभर उतरतं. त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो, कारण एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. साठा रिकामा झाला की ते पाणीही निघून जातं. पहिली स्लाइस खाताच ते परत यायला लागतं आणि माणूस म्हणतो, बघा, ब्रेडनं वजन वाढलं!

(पडद्यावर: झाकलेल्या भांड्यात फुगणारी कणीक, वेगवान चित्रण.)

फ्रुक्टन कमी करायचा एक जुना मार्ग बेकरीतच आहे, तो म्हणजे वेळ. यीस्ट आणि आंबवणातले जिवाणू कणीक फुगवताना फ्रुक्टन खातात. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात २०१६ मध्ये हे मोजलं गेलं. तासाभरानंतर कणकेत ही कर्बोदकं भरपूर होती, चार तासांनी मात्र बरीच घटली. इंग्लंडमध्ये १९६१ साली चोर्लीवूड पद्धत आली. यंत्रानं कणीक इतक्या जोरात घुसळायची, की तासन्‌तास फुगवत ठेवायची गरजच उरू नये. ब्रेड स्वस्त झाला, मऊ झाला, पण जिवाणूंना मिळणारा वेळ गेला. म्हणून कारखान्यातल्या ब्रेडनं फुगणारी काही माणसं सावकाश आंबवलेला ब्रेड बिनतक्रार खातात. फक्त नावावर जाऊ नका. आंबट चव वरून घालूनही ‘सावरडो’, म्हणजे आंबवणाचा ब्रेड, असं लेबल लावलेलं आढळतं. किती तास आंबवला, हे बेकरीत विचारावं.

सुस्तीचा उपाय पोटाला बाधतो, तो नेमका इथे. अख्ख्या रायच्या दाण्यांचा जड ब्रेड साखर हळू चढवतो, पण फ्रुक्टन आणि चोथा घेऊन येतो. एकाची तक्रार त्यानं मिटते, दुसऱ्याची सुरू होते.

एवढं असूनही गॅस आणि फुगलेलं पोट यांचा हिशेब सरळ नाही. ज्यांचं पोट डोळ्यांना दिसेल इतकं पुढे येतं, त्यांच्या आतड्यात वायू अनेकदा इतरांइतकाच असतो. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी स्कॅन करून पाहिलं, तर अशा लोकांच्या छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि पोटाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या आतड्याच्या नसा थोड्याशा ताणानंही ओरडतात. पोट असं पुढे येणाऱ्यांना श्वासाच्या व्यायामानं आराम पडू शकतो, आणि ब्रेड बदलून फारसा फरक पडेलच असं नाही.

(पडद्यावर: दवाखान्यातली रक्ततपासणी.)

एक गोष्ट मात्र गमतीत घेण्यासारखी नाही. शंभरात साधारण एकाला सिलिअॅक आजार असतो. त्यात ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवतं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गहू आणि हा आजार यांचं नातं दाखवून दिलं. त्याची पहिली तपासणी रक्ताची असते. ती ब्रेड सोडायच्या आधी करावी लागते, कारण ग्लूटेन बंद केल्यावर शोधायच्या खुणाच पुसट होतात. वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त, अॅनिमिया, किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं आणि न ओसरणारं पोटाचं फुगणं, यांपैकी काही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

ही शंका फिटली, की प्रयोग घरी करता येतो, आहारतज्ज्ञ सोबत असले तर उत्तम. गहू, कांदा, लसूण आणि यांसारखे आंबणारे पदार्थ दोन ते सहा आठवडे कमी करायचे. मग एकेक परत आणायचा, तीन दिवस प्रमाण वाढवत न्यायचं आणि काय होतं ते वेळेसकट लिहायचं. लसणानंही पोट फुगलं तर संशय फ्रुक्टनवर जातो. लसणात ग्लूटेन नसतं. दोन स्लाइसना त्रास झाला आणि एकीला नाही, तर आपली मर्यादा सापडली. हा परत आणण्याचा टप्पा बरेच जण गाळतात, कारण बरं वाटत असतं. पण मोठ्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया नावाचे उपयोगी जिवाणू याच फ्रुक्टनवर पोसले जातात, आणि ते कायमचं बंद केलं की त्यांची संख्या घटते.