तळाची जाळी आणि सरकारी अनुदान

श्रोतेहो, नमस्कार.

मी पोहायला शिकवते. उन्हाळी बॅच सुरू झाल्या की पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. मुलाला किती दिवसांत पोहता येईल, आणि टँकचं पाणी स्वच्छ आहे ना. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण टँकच्या तळाशी जी जाळी असते ती घट्ट बसवलेली आहे का, असं मला कुणी विचारत नाही. आज मी त्या जाळीबद्दल बोलणार आहे, आणि तिच्यामुळे एका सरकारनं अनुदानाची जी योजना आखली तिच्याबद्दल. सरकार अमेरिकेचं आहे. आपल्याकडच्या कित्येक घरांतली नातवंडं आज तिथल्या पुलांमध्ये, म्हणजे पोहण्याच्या टँकमध्ये, खेळतायत, आणि तशाच बनावटीचे पूल आता आपल्याही सोसायट्यांमध्ये आले आहेत, म्हणून हा विषय मी निवडला.

जून 2002. व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी आईबरोबर एका समारंभाला गेली होती. तिचे आजोबा जेम्स बेकर अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री. ग्रेमला उत्तम पोहता यायचं, पोहण्याच्या संघात ती होती. त्या घरी गरम पाण्याचा एक लहानसा कुंड होता, ज्याला तिकडे हॉट टब किंवा स्पा म्हणतात. ग्रेम त्यात उतरली आणि वर आलीच नाही. आई, नॅन्सी बेकर, पाण्यात उतरली, मुलीला ओढू लागली. मुलगी जागची हलेना. शेवटी दोन माणसांनी सगळी ताकद लावून तिला ओढून काढलं, तेव्हा तळाची जाळीच मोडली. ग्रेम वाचली नाही.

काय झालं होतं, ते नीट समजून घेऊ या. कुठल्याही पुलातलं पाणी पंप सतत ओढत असतो. ते फिल्टरमधून जातं, औषध मिसळून परत येतं. ओढून घेण्याचं एक तोंड तळाशी असतं, त्याला मेन ड्रेन म्हणतात. ते तोंड एकच असेल आणि त्यावर पाठ, पोट किंवा मांडी टेकून ते पूर्ण झाकलं गेलं, तर पंपाला पाणी मिळेनासं होतं आणि तो आतून निर्वात ओढ निर्माण करतो. ती ओढ लहान मुलाच्याच काय, मोठ्या माणसाच्याही ताकदीला भारी पडते. जाळी तुटलेली असेल तर हात किंवा पाय आत जातो. जाळी सपाट असेल आणि ओढ जोरात, तर मोकळे केस आत जाऊन गुंततात. पोहता येणं इथे उपयोगी पडत नाही, आणि हे मी पोहणं शिकवणारी म्हणून मुद्दाम सांगते.

नॅन्सी बेकर यांनी पुढची वर्षं अमेरिकी संसदेचे उंबरे झिजवण्यात घालवली. त्यांच्या बाजूनं फ्लोरिडाच्या प्रतिनिधी डेबी वासरमन शुल्ट्झ उभ्या राहिल्या. 2007 च्या उन्हाळ्यात मिनेसोटा राज्यात सहा वर्षांची एक मुलगी लहान मुलांच्या उथळ टँकमध्ये अशाच उघड्या तोंडावर बसली आणि तिची आतडी ओढली गेली. काही महिने झुंजून पुढच्या वर्षी तीही गेली. 19 डिसेंबर 2007 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी कायद्यावर सही केली. त्याला नाव दिलं ग्रेमचं.

कायद्याचा पहिला भाग सक्तीचा. बरोबर एका वर्षात, म्हणजे 19 डिसेंबर 2008 पर्यंत, देशातल्या प्रत्येक सार्वजनिक पुलाला घुमटाकार किंवा तशा सुरक्षित घडणीची नवी जाळी बसवायची. ज्या पुलाला झाकलं जाऊ शकेल असं एकच तोंड आहे, तिथे आणखी एक उपाय करायचा, उदाहरणार्थ, ओढ वाढताच पंप आपोआप बंद पाडणारं यंत्र. वाटल्यास ते तोंडच कायमचं बुजवायचं. हा शेवटचा पर्याय मला सगळ्यांत आवडतो. नवा पूल बांधताना तळाला ओढीचं तोंड ठेवलंच नाही, तर अडकायला काही उरतच नाही.

दुसरा भाग अनुदानाचा. 2009 आणि 2010 या दोन आर्थिक वर्षांसाठी दरसाल 20 लाख डॉलर्सची मंजुरी कायद्यानंच दिली. अमेरिकेच्या मानानं रक्कम किरकोळच. पण तिच्या अटी बघा. पैसे हवे असतील तर राज्यानं आधी स्वतःचा कायदा करायचा: घराच्या आवारातल्या उघड्या पुलांना कुंपण हवं, ओढीत अडकू नये अशी यंत्रणा हवी, प्रत्येक तोंडावर जाळी हवी. आणि मिळालेल्या पैशातला किमान निम्मा भाग खर्चायचा तो तपासणी करणारी माणसं नेमण्यावर आणि त्यांना प्रशिक्षण देण्यावर. उरलेल्यातून पूल बांधणाऱ्या कंपन्या, देखभाल करणारे कामगार, पुलाचे मालक आणि सर्वसामान्य लोक यांना शिकवायचं. सरकारी योजनांत जनजागृतीचा फलक आधी लागतो आणि निरीक्षकाचं पद वर्षानुवर्षं रिकामं राहतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. या कायद्यानं निरीक्षकाला आधी बसवलं. माझ्या मते ह्या योजनेतली सगळ्यांत शहाणपणाची ओळ तीच आहे.

आणि तरीही सुरुवातीला हा पैसा घ्यायला अटीत बसणारं राज्यच पुढे येईना. घरगुती पुलाला कुंपणाची सक्ती करायची म्हणजे मतदाराच्या परसात शिरायचं, ते कुठल्या आमदाराला रुचणार? अनुदान वर्षानुवर्षं पडून राहिलं. नंतर नियम सैल केले गेले आणि राज्यांच्या जोडीला शहरं आणि कौंटी, म्हणजे तिथले जिल्हे, यांनाही थेट अर्ज करता येऊ लागला, तेव्हा कुठे पैसा वाहता झाला. ज्याच्या हद्दीत पूल आहे, ज्याचा आरोग्य निरीक्षक दारात जाऊन उभा राहतो, त्याच्या हातात पैसा गेला की काम होतं. ही योजना तिथलं ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग नावाचं खातं चालवतं.

निरीक्षक इतका का महत्त्वाचा, याचा एक पुरावा देते. कायदा आला, देशभर नव्या जाळ्या बसल्या, प्रत्येकीवर ती मिनिटाला किती पाणी सुरक्षितपणे ओढू देते याचा आकडा छापलेला. 2011 च्या मे महिन्यात कळलं की त्यातल्या कित्येक जाळ्यांवरचे आकडेच चुकीचे ठरवले गेले होते. सुमारे दहा लाख जाळ्या परत मागवाव्या लागल्या. सुरक्षित म्हणून छाप मारलेल्या वस्तूचं हे झालं. कागदावर शिक्का आहे म्हणून कुणी पुलाकडे गेलाच नसता, तर एखादं मूल पुन्हा तशाच तोंडावर बसलं असतं.

ओढीत अडकून होणारे मृत्यू भयंकर, पण संख्येनं थोडे. अमेरिकेत पंधरा वर्षांखालची साधारण साडेतीनशे मुलं दरवर्षी पुलांत आणि स्पामध्ये बुडून दगावतात, त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं तिथलं पहिलं कारण बुडणं हेच आहे. आणि यातली पुष्कळशी मुलं त्या वेळी पोहायला गेलेलीच नसतात. ती घरात असतात. आई स्वयंपाकघरात, बाबा फोनवर, मागचं सरकतं दार अर्धवट उघडं.

म्हणून अनुदानातून चालणाऱ्या शिकवणीचा मोठा भर कुंपणावर. कुंपण पुलाच्या चारही बाजूंनी हवं, घराच्या बाजूनंसुद्धा. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराची भिंत, अशी मांडणी मोठ्यांना सोयीची असते. पण चारही बाजू बंद असतील तर मूल बुडण्याचा धोका तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा 83 टक्क्यांनी कमी होतो, असं तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. उंची किमान चार फूट, गजांमधून मूल निसटणार नाही इतकंच अंतर, फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडलं की आपोआप मिटणारं आणि कडी आपोआप लागणारं. फाटकाला वीट लावून ते उघडं ठेवायचं नाही. कुंपणाजवळ खुर्ची ठेवायची नाही, मूल तिच्यावर चढतं. खेळून झालं की चेंडू आणि बाहुल्या पाण्यातून बाहेर काढायच्या, नाहीतर मूल त्यांच्यासाठी परत येतं.

इथे मला आजी-आजोबांशी बोलायचंय. मुलाकडे किंवा लेकीकडे टेक्ससला, ॲरिझोनाला, फ्लोरिडाला जाणारे तुम्ही, नातवंडं दिवसभर तुमच्यावर सोपवलेली असतात. आपल्यापैकी अनेकांनी पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून विहिरीत उडी मारलेली आहे, कठड्यावर काका-मामा उभे असायचे. तिथे कठड्यावर कोण उभं आहे ते ठरवावं लागतं. घरात चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून एकानं स्पष्ट सांगायचं, "आत्ता मी बघतोय," आणि तेवढा वेळ फोन नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत. बुडणारं मूल ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायलाच जमत नसतं, ओरडणार कसं? हवा भरलेले दंडातले फुगे हे खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर मुलाला सोडू नका. मूल दिसेनासं झालं तर आधी पूल बघायचा, खोल्या आणि कपाटं नंतर. बाहेर काढल्यावर मूल श्वास घेत नसेल तर छाती दाबण्याबरोबर तोंडानं श्वास देणंही आवश्यक, कारण बुडालेल्याला प्राणवायू कमी पडलेला असतो. तिथला मदतीचा क्रमांक 911, आपल्याकडे 112.

आता पुन्हा पैशाकडे येते. कुंपण आणि जाळी झाली तरी पोहायला शिकवणं उरतंच, आणि शिकवणीला फी पडते. अमेरिकेत 55 टक्के प्रौढांनी पोहण्याची शिकवणी कधी घेतलेलीच नाही. पुलांमध्ये बुडून दगावण्याचं प्रमाण 10 ते 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांत त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या साडेसात पटींहून जास्त आहे. यामागे इतिहास आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना अनेक सार्वजनिक पुलांत प्रवेश नव्हता, आणि न्यायालयांनी दारं उघडायला लावली तेव्हा कित्येक शहरांनी पूलच बंद करून टाकले. आजी पोहायला शिकली नाही, म्हणून आई शिकली नाही, म्हणून मुलगा शिकला नाही. फ्लोरिडानं 2024 साली यावर एक चांगला उपाय काढला. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या चार वर्षांपर्यंतच्या मुलांना पोहण्याच्या शिकवणीसाठी सरकारी व्हाउचर. पैसे थेट शिकवणीलाच जातात. पण असा पैसा टिकवावाही लागतो. 2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेत मोठी नोकरकपात झाली, तेव्हा बुडण्याच्या प्रतिबंधावर काम करणारा गटही गेला. वर दिलेल्यांपैकी काही आकडे गोळा करणारी ती माणसं होती, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे 2022 या एका वर्षात साडेअडतीस हजारांच्या आसपास माणसं बुडून गेल्याची नोंद आहे, आणि महाराष्ट्र त्या यादीत वरच्या राज्यांत आहे. ही माणसं मुख्यतः विहिरी, नद्या, तळी, कालवे, शेततळी यांत गेली. पुलासाठीची अमेरिकी योजना तिथे जशीच्या तशी लावून भागणार नाही. शेजारच्या बांगलादेशानं 2022 साली स्वतःच्या पाण्याला साजेसं काम हाती घेतलं. गावागावांत 8,000 बालसंगोपन केंद्रं, जिथे आई कामात असते त्या सकाळच्या वेळात एक ते पाच वर्षांची मुलं सांभाळली जातील. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं 2023 च्या डिसेंबरात बुडण्याच्या प्रतिबंधाचा धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला. त्याला अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीपर्यंत पैसा आणि माणूस मिळायला हवा. शेततळ्याचं अनुदान देताना भोवती कुंपण आहे का आणि बाहेर यायला दोरी टांगली आहे का, हे अधिकाऱ्यानं तिथे जाऊन बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटू नये, असं मला मनापासून वाटतं. आतल्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही चढून येऊ शकत नाही.

आणि शहरांतल्या पुलांचं? तिथे तर कुणाच्या अनुदानाची वाट बघायची गरज नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पुलाच्या टाइल्सवर अर्धा तास चर्चा होते. त्याच सभेत तीन गोष्टी लेखी मागा. तळाला ओढीची तोंडं किती आहेत, एकच असेल तर दुसरा उपाय कोणता केला आहे, आणि जाळी शेवटची कधी बदलली. पंप बंद करायचं बटण पुलाच्या काठावरून हाताशी येतं का, ते स्वतः जाऊन बघा. पंपघराला कुलूप आणि किल्ली वॉचमनच्या खिशात, अशी व्यवस्था असेल तर ती त्याच आठवड्यात बदलायला लावा. जीवरक्षक ठेकेदारामार्फत आला असेल तर त्याचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र बघायला मागा, आणि त्याला झाडांना पाणी घालायला, पावत्या फाडायला लावू नका. महापालिकेच्या तलावावर जात असाल तर हेच प्रश्न तिथल्या व्यवस्थापकाला विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर नगरसेवकाला लेखी कळवा. जाळीचा एखादा स्क्रू जरी निघालेला दिसला, तरी त्या दिवशी मुलांना पाण्यात उतरवू नका.

नमस्कार.