साखळदंडातला गेंडा

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. गणपतीला सोंडा तीन आणि वाहन मोर, त्यामुळे गेलेला माणूस थेट गाभाऱ्यात शिरतो. माझं ऐकाल तर चपला काढण्याआधी जरा दाराशीच थांबा.

दर्शनी भाग सगळा काळ्या पाषाणाचा. हत्ती, मोर, द्वारपाल, अशी नेहमीची मंडळी आहेतच. पण दाराच्या बाजूला एक गेंडा दिसेल. त्याला साखळदंडाने जखडलंय, आणि जखडणारे आहेत बंदूकवाले गोरे सोजीर! देवळाच्या भिंतीवर, गणपतीच्या शेजाराला.

हा गेंडा म्हणजे आसाम, इंग्रजांनी आसाम घेतला त्याचं हे चित्र, असं पुष्कळदा सांगतात. मला ते पटत नाही. देवळाचं काम भीमगीरजी गोसाव्यांनी १७५४ साली सुरू केलं आणि १७७० मध्ये ते पुरं झालं. आसाम इंग्रजांकडे गेला १८२६ साली. पाथरवट काही ज्योतिषी नव्हता. आपल्याला गेंडा म्हटलं की काझीरंगा आठवतं, एवढंच. त्या काळी बंगालातही गेंडे होते, आणि बंगालचा हिशेब मात्र चोख जुळतो: १७५७ ला प्लासीची लढाई, १७६४ ला बक्सारची, १७६५ ला इंग्रजांना दिवाणी, अर्थात महसूल वसुलीचा हक्क. म्हणजे छिन्नी चालू असतानाच तिकडे एकेक कडी अडकवली जात होती.

ही खबर पुण्यात पोचली कशी? गोसावी म्हणजे तेव्हा नुसते बैरागी नव्हेत. सावकारी, व्यापार आणि तीर्थयात्रा यांमुळे त्यांची उत्तरेत सतत ये-जा असे. बाजारभावाबरोबर राज्यं बुडाल्याच्या बातम्याही येत असणारच. देऊळ पुरं झालं तेव्हा शनिवारवाड्यावर थोरल्या माधवराव पेशव्यांचा अंमल होता. इंग्रजांशी पहिलं युद्ध अजून पाच वर्षं लांब होतं.

राहता राहिला एक प्रश्न, जो मला तिथे उभं राहिलं की हटकून पडतो. पाथरवटाने खरा गेंडा पाहिला होता का? पेशव्यांच्या शिकारखान्यात, म्हणजे त्यांच्या प्राणिसंग्रहात, गेंडा होता खरा. चित्रकार गंगाराम तांबटांनी त्याचं चित्रही काढलंय, पण ते १७९० मधलं, देवळानंतर वीस वर्षांनी. तेव्हा सकाळच्या उन्हात जा, त्याची जाड कातडी आणि शिंग नीट न्याहाळा, आणि तुम्हीच ठरवा.