टेबलावरचा बोरघाट

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या घराच्या मागच्या खोलीत गेली काही वर्षं बोरघाट उभा राहतोय. सगळा नाही, त्याचा एक तुकडा. अडीच मीटर लांबीच्या प्लायवूडवर दोन बोगदे, एक दगडी पूल, आणि एके काळी खंडाळ्याजवळ होतं ते रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडी दिशा उलटवायची ते ठिकाण. आज मी बोलणार आहे आगगाडीच्या लहान प्रतिकृती करण्याच्या या छंदाबद्दल.

या छंदात सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ. म्हणजे खरी वस्तू 87 पटींनी लहान करायची. आपला साधा प्रवासी डबा या मापात साधारण वीतभर होतो. पण सोळा डबे जोडले की गाडी चार मीटरांवर जाते, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. आणि घाट? कर्जत ते लोणावळा सुमारे 28 किलोमीटर. 87 ने भागलं तरी सव्वातीनशे मीटर उरतात. चढ साडेपाचशे मीटरांच्या आसपास, म्हणजे प्रतिकृतीतही दुमजली घराची उंची. तेव्हा काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवण्यातच माझं पहिलं वर्ष गेलं. कर्जतहून निघायचं, खिडकीशी बसायचं, वहीत खुणा करायच्या आणि लोणावळ्याहून परत यायचं.

त्यात आपली एक खास अडचण आहे. बाजारात एचओचे जे रूळ मिळतात, त्यांच्यातलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटरच्या रुळांशी ते बरोबर जुळतं. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. बरेच जण विकतचेच रूळ वापरतात, आणि त्यात चूक काही नाही. पण मला ती गाडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसायची. शेवटी मी रुळांखालचे आडवे स्लीपर लाकडी पट्ट्यांमधून कापले आणि रूळ स्वतः बसवले. एक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा, जमायला तीन रविवार लागले. सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी चाक उतरतं.

आता रिव्हर्सिंग स्टेशन. 1863 साली घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा डोंगराच्या त्या भागात वळण घ्यायला जागा नव्हती. म्हणून कर्जतहून वर आलेली गाडी पुढे बंद असलेल्या सपाट जागेवर जाऊन थांबे. इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने वरची वाट धरी. घाटातला सर्वांत तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. माझ्या फळीवर हाच चढ ठेवला तर एका सरळ धावेत गाडी जेमतेम सहा सेंटिमीटर वर जाते. तेवढ्यात खालच्या गाडीवरून वरची गाडी जाऊ शकत नाही. दिशा बदलून पुन्हा तेवढंच चढवलं की बारा सेंटिमीटर मिळतात, आणि मग जाते. त्या इंजिनिअरांना डोंगराने अडवलं होतं, मला भिंतीने अडवलं. उत्तर एकच निघालं, हे कळलं त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

1929 मध्ये घाटात वीज आली आणि ते स्टेशन बंद झालं. विजेबरोबर आलं मालगाडीचं ते इंजिन, ज्याला रेल्वेतली माणसं खेकडा म्हणत. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाक, बाहेरून दिसणारे चाकांचे दांडे, आणि वळणावर वाकावं म्हणून तीन भागांत जोडलेलं अंग. अशी 41 इंजिनं आपल्याकडे होती. माझ्या फळीवर खेकडा आणि रिव्हर्सिंग स्टेशन एकत्र नांदतात. इतिहासात त्यांची गाठ नीट पडली नाही, पण दोघांपैकी एकाला सोडणं मला जमलं नाही.

चढावर माझी गाडीही खऱ्यासारखीच दमते. म्हणून मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लावला. पहिल्याच फेरीत वळणावर मधला डबा उडून बाहेर पडला, कारण मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचित जोरात धावत होतं आणि डबे हलके होते. प्रत्येक डब्याच्या तळाशी शिशाचे तुकडे चिकटवले, दोन्ही इंजिनांचा वेग जुळवला, तेव्हा गाडी वर पोचली.

डोंगर थर्माकोलचे, वर वर्तमानपत्राचे तुकडे आणि प्लास्टर. खडीसाठी काळ्या दगडाचीच बारीक कच पिठाच्या चाळणीने चाळून घेतली. रुळांमध्ये ब्रशने पसरायची, मग पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून इंजेक्शनच्या सिरिंजने सोडायचं. तो थेंब नसेल तर पाणी आत न मुरता खडीचे गोळे होतात. गवत काथ्याचं. वाळवलेला चहाचा चोथा जंगलातल्या जमिनीला फार छान दिसतो. धबधबे पारदर्शक सिलिकॉनचे, कारण माझा घाट श्रावणातला आहे.

हे सगळं मनात रुजलं ते पुण्यात, कोथरूडला. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या, घडवलेल्या छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे 1998 पासून आहे. दिवे मंदावून त्या छोट्या शहरावर रात्र उतरली आणि खिडक्या उजळलेली गाडी समोरून गेली, तेव्हा मी कठडा घट्ट धरून उभा होतो. मुलांना तिथे जरूर न्या.

अजून ओव्हरहेडच्या तारा राहिल्यात. त्यांच्या खांबांमधलं अंतर नीट बघण्यासाठी येत्या रविवारी पुन्हा घाटात जातोय. तुम्हीही त्या गाडीत असाल तर कर्जतला मागून एक हलका धक्का बसेल. तो बँकर. मी तेव्हा शेवटच्या डब्यात असेन, वही उघडून.

नमस्कार.