दिवा कुठं लावायचा?

(दृश्य: नाशिक, सातपूर. पत्र्याच्या शेडखाली लाल थार. बॉनेटवर एक लांबट, न उघडलेलं खोकं.)

ही गाडी बनते याच शहरात. आणि तिच्या बॉनेटवर ठेवलेल्या खोक्यात आहे चार फुटी एलईडी बार, म्हणजे ओळीनं दिवे असलेली लांब दांडी. मालकानं आधी तो विकत घेतला, मग मिस्त्री शोधला. बार कुठं बसवायचा हेही त्याचं ठरलेलंच आहे. काचेच्या वर, टपाच्या कडेला. फोटोत सगळ्या थार तशाच दिसतात ना!

मिस्त्री ड्रिल बाजूला ठेवतो.
"भाऊ, रात्री जाता कुठं?"
"घाटघर, साम्रद, रतनवाडी. पावसाळ्यात तर ठरलेलंच."
"मग भोक आज नाही पाडत. क्लॅम्पवर बांधतो. चला, मीपण येतो."

(दृश्य: मुंबई-आग्रा महामार्ग, संध्याकाळ. गाडीच्या आतून.)

विल्होळी मागं पडते, काटा ऐंशीवर जातो, आणि टपावरून शीळ सुरू होते. बारच्या पट्ट्यांमधून वारा घुसतो, त्याचा हा आवाज. काहीजण फटीत रबर भरतात, आवाज थोडा कमी होतो. वाडीवऱ्हे येईपर्यंत मालकानं गाण्याचा आवाज दोनदा वाढवलेला असतो.

(दृश्य: घोटी सोडून बारीमार्गे भंडारदरा. अंधार. पाऊस.)

घाटघरला लोक नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. जुलैत इथं ढग डोंगरावर थांबत नाहीत, थेट रस्त्यावर उतरतात. मालक बटण दाबतो.

(दृश्य: पडदाभर पांढरं. तीन सेकंद शांतता.)

कॅमेरा बिघडलेला नाही. ड्रायव्हरलाही हेच दिसतंय.

पावसाळ्यात रात्री गड चढणाऱ्यांना हे नवं नाही. डोक्याला बांधलेली बॅटरी धुक्यात लावली की नाकासमोर भिंत उभी राहते. तीच बॅटरी काढून कमरेजवळ हातात धरली की वाट दिसू लागते. बॅटरी तीच, सेलही तेच. फरक एवढाच, की डोक्यावरच्या दिव्याचा झोत डोळ्यांसमोरच्याच धुक्यातून जातो आणि तिथले थेंब तो उजेड सरळ परत फेकतात. टपावरचा बार म्हणजे गाडीच्या डोक्याला बांधलेली बॅटरी.

मिस्त्री खाली उतरतो. त्यानं बंपरवर, जमिनीपासून साधारण दोन फुटांवर, स्वतःचे दोन जुने गोल हॅलोजन दिवे बांधून आणलेत. बार बंद, हे चालू. धुकं हटत नाही, पण त्याच्या खालून रस्त्याची कड सापडते. मालक म्हणतो, पिवळे असल्यामुळे दिसतंय. हा समज फार जुना. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असायचे. पिवळा उजेड डोळ्यांना कमी टोचतो, हे अनेकांना जाणवतं. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठे असतात, त्यांना पिवळं काय नि पांढरं काय. इथं काम केलंय ते दिव्याच्या जागेनं आणि त्याच्या आडव्या, पसरट झोतानं.

(दृश्य: घाटघरकडून साम्रदकडे. धुकं विरळ. दगडगोट्यांची वाट, मधे खोल चाकोऱ्या.)

आता खरी गंमत. समोर दहा मीटरवर मिस्त्री एक दगड ठेवतो, वीतभरही नाही, दहा सेंटिमीटर उंच. टपावरचा बार लावला. दगड कुठाय? शोधावा लागतो. बंपरचे दिवे लावले, की दगडामागं लांबलचक काळी सावली पडते आणि तो लगेच नजरेत भरतो.

हिशोब शाळेतल्या भूमितीचा आहे. दिवा साठ सेंटिमीटर उंचीवर असेल तर या दगडाची सावली दोन मीटर पडते. दिवा एक मीटर ऐंशीवर नेला की ती साठ सेंटिमीटरही भरत नाही. आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांना दगडामागची तेवढी जागा तशीही दिसत नसते. म्हणजे सावली पडते, पण ती नेमकी दगडाच्या आडच राहते! उजेड भरपूर, पण वाट सपाट वाटते, आणि चाक आदळलं की कळतं.

मग वरचा दिवा अगदीच कुचकामी का? नाही. खालच्या दिव्यानं खड्डा नुसता काळा दिसतो. तो वीतभर आहे की गुडघाभर, हे कळत नाही. वरून उजेड पडला तर तळ दिसतो. चढ संपतो तिथं पलीकडं काय आहे, तेही वरचाच दिवा थोडं आधी दाखवतो. कोरड्या माळरानावर, दूरवर बघायचं असेल तर बार चांगलाच. सह्याद्रीत जुलैमध्ये ती वेळ क्वचित येते, एवढंच.

शिवाय बॉनेट. लाल, ओलं, चकचकीत. वरून बारचा उजेड पडला की तेच आरशासारखं चमकतं, आणि डोळ्याची बाहुली आकसते. मिस्त्री डिकीतलं गोणपाट काढून बॉनेटवर अंथरतो. चमक गेली, समोरचं जास्त दिसू लागलं. जुन्या रॅलीच्या गाड्यांचं बॉनेट बिनचमकीच्या काळ्या रंगात रंगवायचे, त्याचं कारण हेच.

(दृश्य: ओढा. गाडी काठावर थांबलेली.)

खालच्या दिव्यांची परीक्षा इथं. ही थार साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. आपले दिवे साठ सेंटिमीटरवर, म्हणजे ते बुडणार. तापलेल्या हॅलोजनच्या काचेवर गार पाणी आलं की ती तडकू शकते. मिस्त्री आधी दिवे बंद करतो, पाच मिनिटं थांबतो, मगच "चला" म्हणतो. दिवे अजून खाली, बंपरच्या पोटाशी नेले तर तेही चुकतं. या गाडीचं नाक जवळपास बेचाळीस अंशांचा चढ न घासता घेतं. खाली लोंबणारा दिवा त्यातलेच अंश खातो. जाळीसमोर मोठे दिवे लावले तर रेडिएटरचा वारा अडतो, आणि पहिल्या गिअरमध्ये चढताना तोच वारा हवा असतो.

लोखंडी गार्ड लावून त्यावर दिवे बसवायचा मोह अनेकांना होतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. धडकेत ते पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतात, आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतात. दिव्यांचंही तसंच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १११ वा नियम पुढं स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो, अपवाद फक्त आरटीओच्या पूर्वपरवानगीचा. गार्ड आणि सर्चलाइट, दोन्ही या गाडीवर येणार नाहीत.

(दृश्य: वळण. हेडलाइटचा झोत थेट दरीत.)

घाटात गाडी वळायच्या आधी रस्ता वळलेला असतो, आणि हेडलाइट दरी उजळत बसतो. त्यासाठी बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यात, काचेच्या खांबाशी, बाहेरच्या बाजूला वळवलेले दोन छोटे दिवे. जागा डोळ्यांच्या जवळची, म्हणून धुक्यात हे बंद ठेवायचे. महिन्याभरापूर्वी याच झाडांवर काजवे होते. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. तेव्हा तर ज्यानं त्यानं सगळेच दिवे बंद ठेवावेत, हे आमचं मत.

(दृश्य: सकाळ. सातपूरची शेड.)

वायरिंगचं थोडक्यात. पंचावन्न वॉटचे दोन दिवे म्हणजे बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट. तो डॅशबोर्डच्या बटणातून न्यायचा नाही. मधे रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच, आणि बॅटरीलगत पंधरा अँपिअरचा फ्यूज. ब्रॅकेट आखूड आणि जाड, नाहीतर झोत रस्त्यावर नाचतो. मिस्त्री मागच्या सीटवर दोन पोरं बसवतो, डिकीत पाण्याचे कॅन ठेवतो, आणि मगच दहा मीटरवरच्या भिंतीवर झोत जुळवतो. माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं.

भिंतीवर खडूची रेघ. दिव्याच्या उंचीपेक्षा चार बोटं खाली.

"आणि बार?" मालक विचारतो.

मिस्त्री खोकं त्याच्या हातात देतो. "बिल ठेवलंय ना?"