आधी गावाला विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

तंबाखूविरोधी कार्यक्रम म्हटला की 31 मेची, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनाची, प्रभातफेरी आणि सिगारेटवर फुली मारलेलं पोस्टर ठरलेलं. पण ते पोस्टर लावायचं कुणासाठी? 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्के निघाले, तर धूर न काढता तंबाखू घेणारे 24.4 टक्के. बायकांमध्ये हे प्रमाण 16.6 टक्के. म्हणजे आपण बोलतो एक आणि गावाच्या तोंडात असतं दुसरंच!

म्हणून आधी घरोघर विचारायला हवं, आणि तेही जरा बेतानं. आशाताईंनी "मावशी, तंबाखू खाता का?" म्हटलं, तर "छे गं बाई!" एवढंच उत्तर येईल. "दात कशानं घासता?" असं विचारा. "मिश्रीनं की!" तंबाखूच ती, घरीच तव्यावर भाजलेली, डबीत भरलेली. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, झोपताना एकदा, आणि रानात भूक मारायला मधे केव्हाही. गरोदरपणातही ती सुटत नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं होतं. आता सांगा, या मावशीला सिगारेटचं पोस्टर काय कामाचं?

विदर्भात गाठ खर्ऱ्याशी. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो. तिथं विचारायचं ते असं, की बाबांचा खर्रा आणायला कोण जातं? बहुतेकदा पोरगंच. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, शाळेपासून 100 यार्डांच्या आतही. मुलांकडूनच शाळेभोवतीच्या तंबाखूच्या दुकानांचा नकाशा काढून घ्या. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे दुकानदार कबूल होणार नाही. एसटी स्टँडमागच्या गटारातल्या पुड्या मात्र खोटं बोलत नाहीत.

मला विचाराल तर चार पानी प्रश्नावली नकोच. पण एक प्रश्न गाळू नका: सोडायची इच्छा आहे का? हो म्हणणाऱ्याला लगेच 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत क्रमांक द्या.

ग्रामसभेआधी महिलांची सभा असते. मिश्रीचा विषय तिथेच काढा. पुरुषांसमोर कुणी तोंड उघडणार नाही.